मेद उतरविणारी सुई : कोणाला हवी, कोणाला नको?

आपल्या समाजांत लठ्ठपणाकडे पाहण्याच्या दोन रीति चालत आल्या आहेत, आणि त्या दोन्ही सारख्याच निरुपयोगी आहेत. पन्नाशीच्या गृहस्थाचें पोट सुटलें म्हणजे ‘खात्यापित्या घरचा माणूस’ म्हणून त्याचें कौतुक होतें. आणि पंचविशीच्या मुलीचें अंग थोडें भरलेलें दिसलें कीं ‘जरा जिभेवर ताबा ठेव’ म्हणून तिला चारचौघांत बोल ऐकावे लागतात. पहिल्या ठिकाणीं रोग असून तो कोणास दिसत नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं बहुधा रोग नसून तो सर्वांस दिसतो. या जुन्या गोंधळांत आतां एका नव्या आणि खरोखरच प्रभावी औषधाची भर पडली आहे. आठवड्यांतून एकदां पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालीं टोंचावयाची एक बारीकशी सुई, आणि वर्ष-दीड वर्षांत वजनाचा सातवा, कधीं पांचवाही हिस्सा उतरलेला! असें औषध हातीं आलें असतां तें घरांतल्या कोणत्या माणसासाठीं आणावयाचें, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. आमच्या मतें ज्याला त्याची गरज असते तो तें सहसा मागत नाहीं, आणि जो मागतो त्याला पुष्कळदां त्याची गरज नसते. ही उलटापालट कशी होते व ती सरळ कशी करावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या धनिकांचा, आपणांस त्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. म्हणूनच आम्ही मुद्दाम पेण आणि रोहा हीं रायगड जिल्ह्यांतलीं दोन गांवें डोळ्यांपुढें ठेवून लिहीत आहों. पेण भोगावतीच्या कांठचें, रोहा कुंडलिकेच्या कांठचा. पहिलें मुंबई-गोवें महामार्गावर, दुसरा कोंकण रेल्वे जेथून सुरू होते तेथें. पूर्वीं या टापूंत अंगमेहनत कोणास चुकत नसे. खारजमिनींतली भातशेती, मिठागरें, घरोघरचें उखळ-मुसळ व जातें, विहिरीचें पाणी आणि बाजारापर्यंतची पायपीट, हा नित्याचा व्यायाम होता. आज भात गिरणीवर जातो, पाणी नळानें येतें आणि बाजार दुचाकीवर होतो. पेणचे पापड, पोहे आणि गणेशमूर्ति यांचा लौकिक मोठा. परंतु पापड लाटणारी बाई काय, किंवा हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे रेखणारा कारागीर काय, दोघांचेंही काम बैठें. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतींत पाळीप्रमाणें जेवणाच्या व झोंपेच्या वेळा फिरतात. आणि नोकरीसाठीं रोज पनवेल-मुंबई गांठणाराचे कित्येक तास गाडींत बसूनच जातात. ताटांतला भाताचा ढीग मात्र पूर्वींच्या कष्टाच्या काळांतला तसाच आहे. ज्या गांवांत वर्षभर लंबोदराच्या मूर्ति घडतात, त्या गांवाला सुटलेल्या पोटाचें वावडें नसावें हें स्वाभाविकच आहे. परंतु तें पोट देवाला शोभतें, माणसाला सोसत नाहीं.

या औषधाचें उपकरण लिहावयाच्या लेखणीसारखें असल्यामुळें त्याला ‘पेन’ म्हणतात. पेणकरांच्या घरीं पेन येणें ही आतां केवळ शब्दांवरची कोटी राहिलेली नाहीं. टिर्झेपॅटाइड हें औषध ‘माउंजारो’ या नांवानें मार्च २०२५ मध्यें, सेमाग्लुटाइड हें वजनासाठीं ‘वेगोव्ही’ या नांवानें जून २०२५ मध्यें आणि तेंच मधुमेहासाठीं ‘ओझेम्पिक’ या नांवानें डिसेंबर २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आलें. वेगोव्हीच्या पहिल्या मात्रेची किंमत आरंभीं महिना १७,३४५ रुपये होती. नोव्हेंबर २०२५ मध्यें, म्हणजे पांच महिन्यांतच, ती १०,८५० रुपयांवर आली. ओझेम्पिकची पहिली मात्रा तर महिना ८,८०० रुपयांनींच बाजारांत उतरली. शिवाय सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती; ती सरली म्हणजे देशी कारखान्यांना तेंच द्रव्य बनविण्याची मोकळीक मिळते. किंमत अशी पायरीपायरीनें उतरूं लागली म्हणजे जें औषध प्रथम मलबार हिलला पोंचलें तें कोंकणांतल्या बाजारपेठेंत पोंचावयास फार दिवस लागत नाहींत. तें येण्यापूर्वींच त्याविषयींचें ज्ञान घरांत आलेलें बरें.

भुकेचा निरोप्या

आपण जेवूं लागलों कीं लहान आंतड्याच्या अस्तरांतून कांहीं अंतःस्राव रक्तांत मिसळतात. त्यांपैकीं एकाला जीएलपी-१ असें म्हणतात. त्याचीं कामें तीन. स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याची सूचना देणें, जठरांतलें अन्न पुढें सरकण्याचा वेग कमी करणें, आणि मेंदूला ‘आतां पुरें’ असा निरोप पोंचविणें. निसर्गानें हा निरोप्या मोठा अल्पायुषी केला आहे. दोनेक मिनिटांतच तो रक्तांत नाहींसा होतो. शास्त्रज्ञांनीं त्याची अशी प्रतिकृति बनविली कीं ती शरीरांत आठवडाभर काम करीत राहावी. सेमाग्लुटाइड तें हेंच. टिर्झेपॅटाइड हें जीएलपी-१ बरोबर जीआयपी नांवाच्या दुसऱ्या एका अंतःस्रावाचेंही काम करतें.

हा शोध एका रात्रींत लागलेला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत बॉस्टन येथें जोएल हॅबनर व स्वेतलाना मोय्सोव्ह आणि कोपनहेगन येथें येन्स होल्स्ट यांनीं या अंतःस्रावाचें स्वरूप उलगडलें. अमेरिकेच्या वाळवंटांत आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा ‘गिला’ नांवाचा एक विषारी सरडा आहे. तो वर्षांतून मोजक्याच वेळां पोटभर खातो. त्याच्या विषांत जीएलपी-१ सारखेंच, परंतु पुष्कळ अधिक टिकणारें द्रव्य असल्याचें १९९२ सालीं जॉन एंग या वैद्यास आढळलें, आणि त्यावरून तयार झालेलें मधुमेहाचें औषध २००५ सालीं अमेरिकेंत संमत झालें. पुढें डेन्मार्कमध्यें लोटे क्नुडसेन या विदुषीनें या जातीचीं दीर्घकाळ टिकणारीं औषधें सिद्ध करण्यांत पुढाकार घेतला. हॅबनर, मोय्सोव्ह आणि क्नुडसेन या तिघांना २०२४ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें.

या शोधाचा एक अर्थ वैद्यकाबाहेरचाही आहे, आणि तो आमच्या घरांना फार उपयोगी पडेल. लठ्ठ माणूस केवळ आळशी व खादाड असतो, ही समजूत या औषधानें खोटी पाडली आहे. ज्या माणसानें वीस वर्षें निश्चय केले आणि वीस वर्षें ते मोडले, त्याच माणसाच्या अंगांत हा निरोप्या टिकूं लागतांच ताटांतला अर्धा भात आपोआप शिल्लक राहूं लागतो. त्याचा निश्चय कालच्यापेक्षां आज बळकट झाला असें नाहीं. त्याच्या भुकेला मिळणारी सूचना बदलली. चरकसंहितेंतल्या आठ निंदित देहांच्या अध्यायांत अतिस्थौल्याचीं कारणें सांगतांना गोड, स्निग्ध व अति आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोंप यांबरोबर ‘बीजस्वभाव’ हेंही कारण दिलेलें आहे. म्हणजे देहाची ठेवण कांहीं अंशीं आईबापांकडून येते, हें आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होतें. आपणच तें विसरलों. पेण तालुक्यांतल्या गागोदें या गांवीं १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांनीं पाळलेल्या एकादश व्रतांत अस्वादालाही स्थान होतें. जिभेचा संयम हें व्रत थोरच आहे. परंतु वजन उतरूं लागलें कीं शरीर त्याला दुष्काळ समजतें, भूक वाढवितें आणि आपला खर्च आंखडतें. अशा शरीराशीं झगडणाऱ्या माणसाला केवळ व्रताचा उपदेश करणें म्हणजे चष्मा लागलेल्याला नीट पाहण्याचा उपदेश करण्यासारखें आहे.

आंकडे काय सांगतात?

औषधाची परीक्षा जाहिरातीवरून न करतां प्रयोगावरून करावी. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १,९६१ प्रौढ स्त्रीपुरुषांना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड किंवा औषध नसलेलें तसेंच द्रव टोंचण्यांत आलें. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही सारखाच होता. औषध घेणारांचें वजन सरासरी १४.९ टक्के उतरलें, न घेणारांचें २.४ टक्के. २०२२ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत २,५३९ लोकांवर ७२ आठवडे टिर्झेपॅटाइड वापरलें. सर्वांत मोठ्या मात्रेवर सरासरी घट २०.९ टक्के आढळली. याहून महत्त्वाचा प्रयोग २०२३ सालचा. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या, वजन अधिक पण मधुमेह नाहीं अशा १७,६०४ लोकांमध्यें सेमाग्लुटाइड घेणारांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगानें मृत्यु यांचें एकत्रित प्रमाण पांचव्या हिश्शानें कमी झालें. म्हणजे ही सुई केवळ आरशासाठीं नाहीं. ती कांहीं माणसांचे प्राण वांचविते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पहिल्या प्रयोगांतल्या लोकांपैकीं कांहींजणांवर औषध थांबल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवलें. उतरलेल्या वजनाचे सुमारें दोन तृतीयांश परत चढलें. औषध गेलें कीं निरोप्या गेला, निरोप्या गेला कीं भूक परत आली. तेव्हां हा कांहीं आठ दिवसांचा काढा नाहीं. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणें तो वर्षानुवर्षें चालवावयाचा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंही डिसेंबर २०२५ मध्यें प्रौढांच्या लठ्ठपणासाठीं या औषधांचा सशर्त पुरस्कार करतांना तीं दीर्घकाळ आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेंच वापरावीं असें म्हटलें आहे. महिना दहा हजारांचा हिशेब वर्षाला सव्वा लाखाच्या घरांत जातो. मुलाच्या शिक्षणाचे पैसे मोडून चार महिने औषध घ्यावयाचें आणि मग परवडत नाहीं म्हणून सोडावयाचें, यांत पैसाही जातो आणि गुणही टिकत नाहीं. आरंभ करण्यापूर्वींच दोन-तीन वर्षांच्या खर्चाचा आंकडा कागदावर मांडावा.

कृश दिसणारा स्थूल

आतां घरांतला खरा रोगी कोण, तें पाहूं. येथें आपल्याला परदेशीं जाण्याचें कारण नाहीं, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतलें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें संशोधन पुरेसें आहे. त्यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें या खेड्यांतल्या नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतल्या साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो भरलें. आपलीं बालकें सर्व बाजूंनीं लहान. परंतु स्नायु व उदरांतल्या इंद्रियांची वाढ फारच मागें, आणि कातडीखालचा मेद मात्र त्यामानानें शाबूत! म्हणजे दिसावयास कृश, परंतु घडणीनें मेदयुक्त. पुढें २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत डॉ. याज्ञिक यांनीं आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेंच उदाहरण छापलें. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून येणारा आंकडा, अगदीं एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के.

यावरून बोध असा कीं आपल्या लोकांत वजनकांटा अर्धसत्य सांगतो. उरलेलें सत्य कमरेची फीत सांगते. म्हणूनच आपल्याकडचे वैद्य २३ च्या वरचा बीएमआय अधिक व २५ च्या वरचा लठ्ठ समजतात. पाश्चात्यांच्या मर्यादा २५ व ३० आहेत. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे सुमारें साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर म्हणजे सुमारें साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतल्या प्रौढांपैकीं ११.४ टक्क्यांना मधुमेह, आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. शंभरांत चाळीस! पेण-रोह्याच्या एखाद्या पंगतींत पानावर बसलेल्या मंडळींवरून नजर फिरविली तर हा आंकडा फुगविलेला वाटणार नाहीं.

समजा, अशाच एका घरांतले पंचावन्न वर्षांचे कर्ते गृहस्थ आहेत. उंची पांच फूट सहा इंच, वजन ७८ किलो, कंबर चाळीस इंच. दहा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू, रात्रीं मोठ्यानें घोरतात व दिवसां पेंगतात. त्यांचा बीएमआय सुमारें २७.८ येतो. या औषधांची शास्त्रोक्त मर्यादा बीएमआय ३० किंवा अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा वजनाशीं निगडित विकार, अशी आहे. म्हणजे हे गृहस्थ मर्यादेंत बसतात, आणि त्यांच्या बाबतींत डॉक्टरांशीं बोलणें अगत्याचें आहे. परंतु ते स्वतः विषय काढीत नाहींत. ‘या वयांत मला काय सुंदर दिसावयाचें आहे?’ हें त्यांचें उत्तर ठरलेलें असतें. त्यांच्या पत्नीची स्थिति याहून बिकट. सर्वांचें झाल्यावर उरलेलें संपविणारी, गुडघे दुखतात म्हणून फिरणें सोडलेली आणि स्वतःच्या तपासणीसाठीं पनवेलला जाणें म्हणजे उधळपट्टी समजणारी ही माउली औषध मागणें तर दूरच, आपलें वजनही कोणाला सांगत नाहीं. इन्शुलिन नवीन होतें तेव्हां ‘एकदां सुई लागली कीं सुटत नाहीं’ या भीतीनें कित्येक घरांनीं तें टाळलें. त्या टाळण्याची किंमत डोळ्यांनीं, मूत्रपिंडांनीं आणि पायांनीं भरली. तीच चूक पुन्हां होऊं नये.

लग्नाची मुलगी

याउलट सुईची मागणी कोठून येते? लग्नसराईच्या तोंडावर. उंची पांच फूट तीन इंच, वजन ६२ किलो, रक्तांत कोठलाही दोष नाहीं, रोज जिने चढते-उतरते. परंतु स्थळ सांगून आलें आहे आणि छायाचित्रांत ‘थोडी जाड’ दिसते, एवढाच तिचा आजार. तिचा बीएमआय २४.२ आहे. औषधाच्या मर्यादेंत येण्यास तिचें वजन सुमारें ७७ किलो, किंवा एखाद्या विकारासह ६९ किलो असावें लागेल. तिला थोडें चालणें वाढविण्याचा व थोडें तळण कमी करण्याचा सल्ला देतां येईल; सुई देतां येणार नाहीं.

वाङ्निश्चय आणि लग्न यांमध्यें पांच-सहा महिने असतात, आणि तेवढ्यांत ‘उतरवून’ घेण्याचा मोह आईबापांना होतो. त्यांनीं पुढची गोष्ट ध्यानांत घ्यावी. या औषधांची मात्रा हळूहळू चढवावी लागते. सेमाग्लुटाइडची पूर्ण मात्रा गांठण्यासच सोळा आठवडे लागतात. म्हणजे औषध अंगीं लागतें न लागतें तोंच मांडव उभा राहतो. पुढें गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधीं थांबविलें पाहिजे. गरोदरपणांत हें औषध घ्यावयाचें नाहीं. टिर्झेपॅटाइडमुळें तोंडानें घ्यावयाच्या संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुण कमी होऊं शकतो, हेंही नवविवाहितेला कोणी सांगत नाहीं.

शिवाय डॉ. याज्ञिक यांच्या पाहणीचा दुसरा अर्धा भाग येथें आठवावा. त्या खेड्यांतल्या ज्या माता गरोदरपणीं हिरव्या पालेभाज्या, दूध व फळें अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें अधिक भरदार होतीं. ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षींच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति अधिक दिसली. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव सामान्य आहे. तेव्हां निरोगी मुलीला लग्नापूर्वीं उपाशी ठेवून, तिच्या अंगांतले स्नायु व पोषण उतरवून, आपण तिला बारीक करतों असें आपल्याला वाटतें. प्रत्यक्षांत पुढच्या पिढीच्या मधुमेहाची पेरणी करीत असूं. आजोबांचा रोग औषधावांचून राहिला आणि नातवाचा रोग औषधानें सुरू झाला, असा प्रकार एकाच घरांत घडावा यापरतें दुर्दैव कोणतें?

सुई घरांत आली तर

वैद्यानें खरोखरच हें औषध लिहून दिलें तर कांहीं गोष्टी गृहिणीनें आणि घरच्यांनीं जाणून घ्याव्या.

पहिली गोष्ट, हें डॉक्टरांच्या चिठ्ठीनेंच घ्यावयाचें औषध आहे, आणि चिठ्ठी देणारानें रोग्याला पाहिलें-तपासलें असलें पाहिजे. ज्यांच्या कुळांत थायरॉइडच्या ‘मेड्युलरी’ जातीचा कर्करोग झाला आहे त्यांना हें देत नाहींत. पूर्वीं स्वादुपिंडाचा दाह झाला असेल तर तेंही आधीं सांगावें. ओळखीच्या माणसानें मुंबईहून ‘स्वस्तांत’ आणून दिलेलें पेन वापरूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२४ मध्यें बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला इशारा दिला होता, तो अशाच आडमार्गानें येणाऱ्या मालामुळें.

दुसरी गोष्ट साठवणीची. न उघडलेलें पेन २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें लागतें, आणि तें एकदां गोठलें तर फेंकून द्यावें लागतें. म्हणून शीतकपाटांत बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवूं नये. कोंकणांतल्या पावसाळ्यांत वीज तासन् तास जाते, त्याची तजवीज आधीं विचारून ठेवावी. मुंबईहून आणतांना थंड पेटींतून आणावें. वैशाखांतल्या मोटारीच्या टपांत किंवा एस. टी.च्या खिडकींत ठेवलेल्या पिशवींतून आणूं नये.

तिसरी गोष्ट पोटाची. मळमळ, वांति, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास आरंभीं व मात्रा चढवितांना पुष्कळांना होतात. थोडथोडें, सावकाश व कमी तळलेलें खाल्ल्यानें ते सौम्य राहतात. येथें आपल्या आग्रहाच्या चालीला आळा घालावा लागेल. जठर सावकाश रितें होत असलेल्या माणसाच्या पानांत ‘माझ्या हातचा एक तरी’ म्हणून तुपाची धार सोडलेले दोन मोदक वाढणें हें प्रेम नाहीं. रात्रीं त्याला वांति होईल. पाठींत जाणारी तीव्र पोटदुखी, थांबत नसलेली वांति किंवा उजव्या बरगडीखालची कळ असेल तर घरगुती उपाय करीत न बसतां तात्काळ रुग्णालय गांठावें. स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयांतले खडे यांचीं तीं चिन्हें असूं शकतात. मधुमेही माणूस इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेत असेल तर संकष्टी-एकादशीला साखर एकदम घसरण्याचा धोका असतो. उपासाचा विषय डॉक्टरांपाशीं मोकळेपणानें काढावा. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाराला या सुईची कल्पना दिलीच पाहिजे, कारण नेहमींइतका वेळ उपाशी राहूनही पोटांत अन्न उरलेलें असूं शकतें.

चवथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती स्वयंपाकघराची आहे. या औषधानें उतरलेल्या वजनांतला सुमारें पाव ते तिसरा हिस्सा, कधीं त्याहूनही अधिक, मेदाचा नसून स्नायु इत्यादिकांचा असतो. आधींच स्नायूंनीं दुबळ्या असलेल्या आपल्या माणसांना हें परवडणारें नाहीं. भूक मंदावली म्हणजे माणूस थोडेंच खातो. तें थोडें काय असावें, हें गृहिणीच्या हातांत आहे. भात-बटाटा-साबुदाणा यांनीं तें पोट भरलें तर वजन उतरेल आणि शक्तिही उतरेल. रायगडच्या घरांना येथें बाहेरचा उपदेश नको. मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचें बिरडें, मुगाची उसळ, घट्ट वरण, ताक-दही-पनीर, आणि थंडींत भांबुर्ड्याच्या पाल्यांत मडक्यांत भाजलेली, तेलाचा थेंबही न लागणारी वालाच्या शेंगांची पोपटी, हीं सर्व प्रथिनांचीं साधनें आपल्याच अंगणांतलीं आहेत. पानांत आधीं उसळ व भाजी, मग भात, असा क्रम ठेवला तरी पुष्कळ साधेल. त्याच्या जोडीला आठवड्यांतून दोन-तीन वेळां स्नायूंवर ताण देणारा व्यायाम हवा. आमच्या आजोबांच्या पिढीला जोर-बैठका व सूर्यनमस्कार कोणी नव्यानें शिकविले नव्हते. पाण्याची कळशी उचलून गच्चीवर नेणें हाही स्त्रियांसाठीं व्यायामच आहे. सुईनें भूक आवरतां येते. स्नायु मात्र हलल्यावांचून राहत नाहींत.

आणि ज्यांना या औषधाची गरज नाहीं, त्यांनाही या परिच्छेदांतलें ताट व व्यायाम लागू आहेतच. त्याला चिठ्ठी लागत नाहीं, आणि पेटंटही नाहीं.

फीत आणि जीभ

वाचकांना आमच्या दोनच विनंत्या आहेत. पहिली अशी कीं, येत्या रविवारीं शिवणाच्या पेटींतली फीत काढून घरांतल्या प्रत्येक प्रौढ माणसाची कंबर बेंबीच्या पातळीला मोजावी आणि तो आंकडा पंचांगाच्या मागील पानावर तारखेसह लिहून ठेवावा. ज्यांचा आंकडा रेघेबाहेर आहे त्यांची साखर, रक्तदाब व चरबी तपासून घ्यावी. मग उपाय चालण्याचा कीं गोळीचा कीं सुईचा, हें डॉक्टर ठरवितील. बहुतेक घरांत ही फीत बापाच्या, आईच्या किंवा मामांच्या कमरेवर अपुरी पडेल, आणि जिच्या वजनाची चर्चा चालली होती ती मुलगी रेघेच्या आंत निघेल.

दुसरी विनंती जिभेविषयीं आहे. खाणाऱ्या जिभेविषयीं नाहीं, बोलणाऱ्या. ‘किती सुटलीस ग!’ हें वाक्य आमच्या समारंभांतून नाहींसें झालें तर निरोगी मुलींचे निम्मे हट्ट आपोआप थांबतील. आणि ‘खात्यापित्या घरचा’ हें वाक्यही त्याच्याबरोबर गेलें, तर पन्नाशीच्या गृहस्थांना आणि त्यांच्या पत्नींना डॉक्टरांच्या दारापर्यंत जाण्याची लाज वाटणार नाहीं. औषध बनविणें डेन्मार्क-अमेरिकेच्या प्रयोगशाळांना साधलें. तें योग्य माणसापर्यंत पोंचविणें हें काम पेण-रोह्याच्या माजघरांतूनच व्हावयाचें आहे.